तबकडी घातली, तरी संगणक सुरू होईना

"विंडोज उडाली आहे, सीडी टाकली तर घेत नाही, आता काय करावे?" अशा आशयाची विचारणा करणारी पत्रे वर्षभर येतच असतात, परंतु दहावी-बारावीचे निकाल लागून उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले नि नॉन-क्रीमीलेअर यांची घाई सुरू झाली की त्यांची संख्या एकदम वाढते. आष्टी-पाटोद्यापासून परळी-अंबाजोगाईपर्यंत बीड जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्याच्या गावी झेरॉक्सचे दुकान, सेवा केंद्र किंवा टंकलेखनाचे टेबल आठ-दहा वर्षे वयाच्या एखाद्या संगणकावर चाललेले असते आणि तो नेमका ह्याच दिवसांत रुसतो. पत्रलेखकांपैकी बहुतेकांनी यंत्र बिघडले असे आधीच गृहीत धरलेले असते. काहींनी तर ते दुकानात नेऊन, "फॉरमॅट मारून द्या" असे सांगून, वर्षानुवर्षांचे दप्तर पुसूनही घेतलेले असते. वस्तुतः तबकडीवरून संगणक सुरू न होण्याच्या प्रकारांत खरोखरीचे नादुरुस्त यंत्र क्वचितच आढळते. दोष बहुधा क्रमाचा असतो, नाही तर तबकडी तयार करण्याच्या रीतीचा. आणि हे दोन्ही दोष घरबसल्या, एक पैसाही न खर्चता, ओळखता येतात.

संगणक तबकडी कशी शोधतो

निर्णय घेण्यापुरते एवढेच ध्यानात असू द्यावे. कळ दाबताच यंत्राच्या मुख्य पट्टीवर कोरलेली एक लहानशी आज्ञावली जागी होते. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणतात, सुमारे २०१२ नंतरच्या यंत्रांत तिच्या जागी यूईएफआय नावाची नवी व्यवस्था आली. ती स्मृती, कळफलक इत्यादींची हजेरी घेते आणि मग हातातील यादीप्रमाणे एकेका ठिकाणी जाऊन "येथे सुरू होण्याजोगे काही आहे काय?" असे पाहते. समन्स घेऊन निघालेला बेलीफ यादीतील पहिल्याच घरी माणूस भेटला की पुढच्या घराची पायरी चढत नाही, तशीच हिची वागणूक असते. यादीत हार्ड डिस्क पहिली असेल आणि तिच्यावर अर्धमेली का होईना विंडोज शिल्लक असेल, तर आपण घातलेल्या तबकडीकडे ती ढुंकूनही पाहत नाही. तबकडीवरून संगणक सुरू करण्याचा शिरस्ता १९९५ साली ठरला. त्यापूर्वी हे काम फ्लॉपीकडे होते. म्हणून फार जुन्या पुस्तकांतील सूचना येथे लागू पडत नाहीत.

आधी पडद्यावरील मजकूर वाचा

पडद्यावर काय उमटले हे शब्दशः कागदावर लिहून घेतल्याखेरीज पुढे जाऊ नका. "काहीतरी इंग्रजी येते" ह्या कैफियतीवरून कोणालाही निदान करता येणार नाही.

- "प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी ऑर डीव्हीडी" – तबकडी ठीक, ड्राइव्ह ठीक, क्रमही ठीक. ही ओळ पाचेक सेकंदच टिकते. तेवढ्यात कोणतीही कळ दाबावी लागते. न दाबल्यास यंत्र हार्ड डिस्ककडे निघून जाते आणि आपण तबकडीला बोल लावतो.
- "नो बूटेबल डिव्हाइस", "ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड", "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस" – यंत्राने सारी घरे पालथी घातली, कोठेच काही सापडले नाही. तबकडी सुरू होण्याजोगी नाही, अथवा ड्राइव्हला ती वाचता येत नाही.
- जुनी विंडोजच पुन्हा पुन्हा सुरू होऊ पाहते – क्रम चुकला आहे.
- "सिक्युअर बूट" हे शब्द असलेला इशारा – तबकडी सापडली, पण तिला प्रवेश नाकारला गेला.
- पडदा काळाच. पंखा फिरतो किंवा भोंगा वाजतो – येथे तबकडीचा काही संबंध नाही. वीज काढून, स्मृतीची पट्टी उपसून, कोरड्या कपड्याने पुसून पुन्हा नीट बसवा. तरीही तेच झाल्यास जाणकाराकडे न्या.

तबकडी खरोखर सुरू होण्याजोगी आहे काय?

अंबाजोगाईस योगेश्वरीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका परिचितांचे झेरॉक्सचे दुकान आहे. एका जून महिन्यात त्यांचा संगणक बंद पडला, तेव्हा त्यांनी एकाच विंडोजच्या चार तबकड्या चार ठिकाणांहून करून आणल्या होत्या आणि चारही "फेल" म्हणून टेबलाच्या कडेला रचून ठेवल्या होत्या. बाहेर मुलांची रांग, आणि हे गृहस्थ ड्राइव्हचा कप्पा आत ढकलीत नि बाहेर काढीत बसलेले. मी पहिली तबकडी शेजारच्या चालू संगणकात घालून उघडली. तीत एकच एक फाइल होती, साडेचार जीबीची, आणि तिच्या नावाच्या शेवटी "आयएसओ" अशी अक्षरे होती. दुसरीत तेच, तिसरीतही तेच. चौथी ओरखड्यांनी इतकी भरलेली की ड्राइव्हने तीनदा घरघर करून ती नाकारली.

आयएसओ म्हणजे बांधून शिवलेले गाठोडे. ते गाठोडे जसेच्या तसे तबकडीवर ठेवल्याने तबकडी सुरू होत नाही. ते सोडून त्यातील मांडणी तबकडीवर उतरवावी लागते. चालू संगणकात अशी फाइल निवडून उजवी कळ दाबली असता "बर्न डिस्क इमेज" असा पर्याय येतो, तोच निवडावयाचा. साधे कॉपी-पेस्ट नव्हे. नीट तयार झालेली विंडोजची तबकडी उघडून पाहिल्यास "बूट", "ईएफआय", "सोर्सेस" अशी अनेक दालने दिसतात. मी त्या दुकानात पाचवी तबकडी कमी वेगाने जाळली, आणि तीवरून संगणक पहिल्याच खेपेस सुरू झाला. त्यांनी पहिल्या चार तबकड्या फेकल्या नाहीत. चहाचे पेले ठेवावयास घेतल्या.

तबकडीसंबंधी आणखी काही गोष्टी तपासण्याजोग्या आहेत:

- साध्या सीडीत ७०० एमबी, साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी एवढेच मावते. अलीकडच्या विंडोजचे गाठोडे याहून मोठे असू शकते. मग दुपदरी डीव्हीडी अथवा पेन ड्राइव्ह घेणे भाग पडते.
- ६४ बिटांच्या यूईएफआय यंत्रावर ३२ बिटांची तबकडी सहसा सुरू होत नाही. तबकडीवर हा आकडा पेनाने लिहून ठेवण्याची सवय लावून घ्या.
- लॅपटॉपसोबत येणारी "ड्रायव्हर्स" नावाची तबकडी सुरू होण्यासाठी नसतेच. ती घालून तासन्‌तास वाट पाहणारे वाचक मला भेटले आहेत.
- घरी जाळलेल्या तबकडीवरील रंगाचा थर उन्हाने नि उष्णतेने विटतो. पत्र्याच्या दुकानात मे महिन्याच्या दुपारी खिडकीशी ठेवलेल्या पाच वर्षांपूर्वीच्या तबकडीवर विसंबू नका. ह्याच अंबाजोगाईत दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर लिहिलेले "पंचीकरण" चार शतके टिकले; आपली तबकडी चार उन्हाळे काढील याचा भरवसा नाही.

क्रम बदलण्याची रीत

यादी कायमची बदलण्याची गरज नाही. यंत्र सुरू होताच, कंपनीचे चिन्ह दिसण्यापूर्वीच, ठरलेली कळ टक-टक दाबीत राहिल्यास त्या खेपेपुरती निवड करण्याची यादी येते, आणि हाच मार्ग मी अधिक पसंत करतो, कारण त्यात मागे काही उलटसुलट राहत नाही. सर्वसाधारणतः कळा अशा:

- डेल, लेनोवो: एफ१२
- एचपी: आधी एस्केप, मग एफ९
- एसर: एफ१२ (मात्र काही यंत्रांत ही कळ आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते)
- आसुस लॅपटॉप: एस्केप, आसुसची पट्टी असलेला टेबलावरचा संगणक: एफ८
- जुळणी करून घेतलेल्या संगणकांत गिगाबाइटची पट्टी असल्यास एफ१२, एमएसआयची असल्यास एफ११

खुद्द बायोसमध्ये शिरावयाचे झाल्यास बहुधा डिलीट किंवा एफ२, एचपीमध्ये एफ१०. लॅपटॉपवर कधी कधी एफएन कळही सोबत धरावी लागते.

दोन अडचणी वारंवार येतात. पहिली अशी की विंडोज ८ पासून "शट डाउन" केलेला संगणक पुष्कळदा पूर्ण झोपतच नाही, अर्धवट जागाच राहतो, आणि कळ दाबावयास वेळच उरत नाही. विंडोज अजून चालू होत असेल तर शिफ्ट दाबून ठेवून "रीस्टार्ट" निवडा; येणाऱ्या निळ्या पडद्यावर "यूज अ डिव्हाइस" हा पर्याय सापडेल. दुसरी अडचण बिनतारी कळफलकाची. विंडोज सुरू होण्यापूर्वी तो काही यंत्रांत ओळखला जात नाही. साधा तारेचा कळफलक शेजाऱ्याकडून मागून आणा आणि टेबलावरच्या संगणकाच्या पाठीमागील छिद्रात लावा.

दाराशी उभा पहारेकरी

अलीकडच्या यंत्रांत "सिक्युअर बूट" नावाची व्यवस्था असते. ज्या आज्ञावलीवर मान्यतेचा शिक्का नाही, तिला ती आत घेत नाही. जुन्या दुरुस्ती-तबकड्या, विंडोज ७ आणि काही लिनक्स येथेच अडतात. बायोसमध्ये जाऊन ही व्यवस्था तात्पुरती बंद करता येते आणि जुन्या तबकडीसाठी "लेगसी" अथवा "सीएसएम" चालू करता येतो. परंतु त्यापूर्वी एक गोष्ट पक्की करा. नव्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बिटलॉकरच्या कुलुपात असू शकते, आणि हे फेरफार होताच ते कुलूप ४८ अंकी किल्ली मागते. ही किल्ली बहुधा लॅपटॉप सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. खाते कोणाचे, त्याचा परवलीचा शब्द काय, हे ठाऊक नसताना पहारेकऱ्यास हटवू नका. किल्लीवाचून ती माहिती परत मिळविण्याचा मार्ग नाही. दुकानदाराने स्वतःच्या ई-मेलवर लॅपटॉप "सुरू करून दिला" असेल, तर ते खाते आजच आपल्या नावे करून घ्या.

यंत्राने तबकडी घेतली, पण "विंडोज कोठे टाकावयाची?" या पानावर एकही डिस्क दिसत नाही, असाही प्रकार इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांत घडतो. डिस्क मेलेली नसते. कंपनीच्या संकेतस्थळावरील आरएसटी नावाचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन "लोड ड्रायव्हर" द्वारे दिला की ती दिसू लागते.

ड्राइव्ह, तार आणि नाण्याएवढी बॅटरी

बायोसच्या यादीत डीव्हीडी ड्राइव्हचे नावच नसेल तर वीज काढून पेटी उघडा आणि ड्राइव्हची रुंद वीजतार नि चपटी लाल किंवा काळी साटा तार, दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा. उंदीर आणि धूळ या दोघांचाही आपल्याकडे तारांवर डोळा असतो. नाव दिसते पण तबकडी वाचली जात नाही, तर भिंगावर धूळ बसली असण्याचा संभव अधिक. सीडी वाचणारा ड्राइव्ह डीव्हीडी नाकारू शकतो, कारण दोहोंसाठी निरनिराळे किरण असतात. "गाणी तर वाजतात" हा त्याच्या निरोगीपणाचा पुरावा नव्हे. यूएसबीने जोडावयाचा बाहेरचा ड्राइव्ह वापरीत असाल तर त्याला पुरेशी वीज मिळते की नाही हे पाहा. पुढच्या छिद्राऐवजी मागच्या छिद्रात तो पुष्कळदा निमूटपणे चालू लागतो. विंडोज ७ ची तबकडी निळ्या यूएसबी छिद्रातून अर्ध्यावर येऊन ड्रायव्हर मागते. तेव्हा काळे छिद्र वापरा.

दररोज सकाळी संगणकाची तारीख मागे जाते, "सीमॉस चेकसम एरर" असे उमटते आणि एफ१ दाबावे लागते, अशी तक्रार असेल तर मुख्य पट्टीवरील सीआर २०३२ ही नाण्यासारखी तीन व्होल्टची बॅटरी संपली आहे. तिच्या मरणाने आपण ठरविलेला क्रमही रोज रात्री पुसला जातो, आणि काल चाललेली तबकडी आज का चालेना या कोड्यात माणूस पडतो. घड्याळवाल्याकडे ती थोड्या रुपयांत मिळते. वीज पूर्ण काढून, अधिकचे चिन्ह वर ठेवून बसवा. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन तारीख नीट करा आणि "साटा मोड" पूर्वी होता तोच आहे ना हे पाहा, नाही तर जुनी विंडोज निळा पडदा दाखवून थांबेल.

एक सावधगिरी मात्र आपल्या जिल्ह्यासाठी आवर्जून सांगितली पाहिजे. परळीस औष्णिक वीजकेंद्र असूनही आपल्या गावची वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून खुद्द बायोसची नवी आवृत्ती चढविण्याचे काम चालू स्थितीतील यूपीएस किंवा भरलेली लॅपटॉप-बॅटरी असल्याखेरीज कदापि हाती घेऊ नका. अर्ध्यावर वीज गेली तर मुख्य पट्टीच निकामी होऊ शकते. विंडोज टाकताना वीज गेली तर मात्र काम फक्त पुन्हा करावे लागते.

पुसण्यापूर्वी

येथे मला स्वतःच्या एका अपराधाची नोंद करावी लागेल. अनेक वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीचा संगणक दुरुस्त करावयास मी मोठ्या आत्मविश्वासाने बसलो. "सी पुसायचा, डी ठेवायचा" एवढे मनाशी घोकले होते. परंतु तबकडीवरून सुरू झालेल्या त्या पानावर सी आणि डी ही अक्षरेच नसतात, "पार्टिशन १", "पार्टिशन २" आणि त्यांचे आकारमान एवढेच दिसते. मी मोठा तो सी समजलो. भाच्याच्या लग्नाचे सारे फोटो आणि मेहुण्यांनी कष्टाने जमविलेल्या जुन्या खासरापत्रकांच्या नकला मोठ्या भागात होत्या. बहीण काही बोलली नाही. तिने फक्त मला आणखी चहा दिला, आणि तो मला गिळवेना.

म्हणून तबकडी सुरू झाली तरी लगेच पुढे जाऊ नये. एखादी लिनक्सची "लाइव्ह" तबकडी – उबंटू, लिनक्स मिंट किंवा आपल्या सी-डॅकची बॉस – हार्ड डिस्कला हात न लावता संगणक सुरू करते. तीवरून माहिती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. ते न जमल्यास हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडावी. उतरवून घेण्याच्या वस्तूंत डेस्कटॉपवरील फाइली (त्या बहुधा सी मध्येच असतात, हे लोक विसरतात), टॅलीचे दालन, श्रीलिपीसारख्या मराठी टंकांचा परवाना आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर हे प्रकार हमखास राहून जातात. पुसण्याच्या पानावर जाण्यापूर्वी प्रत्येक भागाचे आकारमान जीबीमध्ये कागदावर लिहिलेले असावे.

तबकडीचा नाद केव्हा सोडावा

तबकडी नीट, क्रम नीट, आणि तरी ड्राइव्ह दाद देत नसेल, तर अर्धा दिवस त्यात घालविण्याऐवजी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील साधनाने किंवा रूफस या मोफत आज्ञावलीने तो सुरू होण्याजोगा होतो; त्यावरील जुनी माहिती मात्र पुसली जाते. ज्या लॅपटॉपात विंडोज ८ किंवा पुढची आवृत्ती कंपनीनेच घालून दिली होती, त्यात परवान्याची किल्ली बहुधा मुख्य पट्टीतच असते. तीच आवृत्ती टाकल्यास ती पुन्हा विचारली जात नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था असावी लागते. जुन्या यंत्रावर दाखले काढणे नि टंकलेखन एवढेच काम असेल, तर चोरीच्या विंडोजपेक्षा लिनक्स बरे, असे माझे मत आहे. मात्र आपले सरकारी टोकन नि छपाईयंत्र त्यावर चालते की नाही, हे लाइव्ह तबकडीवरून आधी पाहून घ्या. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३-ब खाली गुन्हा असून त्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे.

दुकानात देताना आपले हक्क

यंत्र दुकानात द्यावे लागलेच, तर "दोन तासांनी या" एवढ्या तोंडी आश्वासनावर ते सोडून येऊ नका. पावतीवर पुढील बाबी लिहून घ्या:

- यंत्राचा अनुक्रमांक, हार्ड डिस्क नि स्मृतीचे माप. हे सुटे भाग बदलले गेल्याच्या तक्रारी थोड्या नाहीत.
- "माहिती न पुसता" अथवा "माहिती उतरवून घेतल्यानंतर पुसणे" यांपैकी काय ठरले ते.
- कोणती आवृत्ती टाकणार, परवाना कोणाचा, मजुरी किती आणि मुदत काय.

केलेल्या सेवेचे बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. आपल्या अनुमतीविना कोणी आपले फोटो किंवा कागदपत्रे उतरवून घेतल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ लागू होते, आणि ते बेइमानीने केले असल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

दुकानदाराने ऐकले नाही तर प्रथम लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. मग १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तेवढ्यानेही भागले नाही तर बीड येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, दाद मागता येते. दुकान पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात असले तरी आपण बीड जिल्ह्यात राहत असल्यास तक्रार येथेच दाखल होते. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्यास शुल्क नाही, आणि वकील देणेही सक्तीचे नाही. तक्रारीसोबत पावतीची नक्कल जोडावयाची असते, तेव्हा तिचा फोटो त्याच संगणकात न ठेवता मूळ कागद कपाटात ठेवा.